शोभाआक्काचा माईक

परवा आमच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. पुण्याच्या साहेबांनी लगेच, "सगळ्यांनी माईक बंद ठेवा," असं बजावलं. ज्याचा कुकर होता त्या बिचाऱ्यानं चार वेळा माफी मागितली. मला मात्र हसू आवरेना, कारण मला शोभाआक्का आठवली. एम. ए.च्या दोन वर्षांत तिनं एकदाही माईक बंद केला नाही, आणि माफी तर अजिबात मागितली नाही.

टाळेबंदी उठून कॉलेजं नुकती पुन्हा उघडली होती. कोल्हापुरात आम्ही समाजशास्त्राला होतो. विभागानं एक सोय ठेवली होती. जे शहरात राहतात त्यांनी रोज वर्गात बसायचं, आणि जे लांबचे आहेत त्यांनी आठवड्यातले तीन दिवस वर्गात यायचं, उरलेले तीन दिवस घरून मोबाइलवर. सरांच्या टेबलावर एक लॅपटॉप उघडा असायचा आणि त्यातलं सगळं शेजारच्या भिंतीवर मोठं दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, सात-आठ काळे चौकोन आणि त्यांत पांढऱ्या अक्षरांत नावं. आम्हा वर्गातल्यांना वाटायचं, घरी बसलेली मंडळी पंख्याखाली लोळत असणार. त्यांना वाटायचं, आपण आहोत की नाही याचं इथं कुणाला काही पडलेलं नाही. वर्गात विनोद झाला की त्यांना नुसती खसखस ऐकू जायची. विनोद काय झाला ते कधीच कळायचं नाही.

सामंत सर आमचे विभागप्रमुख. मोठे विद्वान, पण शिकवायचे फळ्याकडं तोंड करून. पहिल्या आठवड्यात त्यांनी मागं न वळताच विचारलं, "ऑनलाइनवाल्यांना आवाज येतोय ना?"

असं विचारायची एक पद्धत असते, त्याला उत्तर अपेक्षित नसतं. पण भिंतीवरच्या एका काळ्या चौकोनातून खणखणीत आवाज आला, "येतोय की! सर, जेवलासा काय?"

सर दचकून वळले. "कोण बोलतंय?"

"मी शोभा. गडहिंग्लजच्या पल्याडनं बोलतोय."

"बरं. आता माईक बंद ठेवा."

"बंद केला तर मी हाय का न्हाय ते तुमास्नी कसं कळंल?"

सरांनी खडू या हातातून त्या हातात घेतला. मग पुन्हा फळ्याकडं वळले. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या तासाला मागून कोंबडा आरवला.

गुरुवारी ती प्रत्यक्ष आली. बेचाळिशीची, उंच, खांदे पुरुषासारखे रुंद. साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, पायात पोराचे जुने स्पोर्ट शूज. गाव कर्नाटकच्या शिवेला लागून, त्यामुळं तिकडं सगळे तिला आक्का म्हणायचे, आणि तिकडच्या बायकांसारखं तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. आम्हीही तिला आक्काच म्हणू लागलो, आणि सहा महिन्यांत सामंत सरसुद्धा. बारावी झाल्यावर तिचं लग्न झालेलं. पोरं शाळेत होती तेव्हा तिनं घरी बसून बी. ए. केलं होतं. आता थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला गेला, त्याचा जुना मोबाइल घरी राहिला, आणि त्या मोबाइलवर ही आमच्या वर्गात आली.

"आक्का, तुम्ही का शिकताय?" असं कुणी विचारलं की तिचं उत्तर रोज वेगळं असायचं. कधी म्हणायची, "पोराच्या मोबाइलचा रिचार्ज वाया जातोय म्हणून." कधी म्हणायची, "म्हशींस्नी शिकवाय." खरं उत्तर आम्हाला तिच्या माईकमधूनच कळलं. सर ग्रामीण कुटुंबव्यवस्था शिकवत होते. तेवढ्यात तिच्या घरातून सासूचा म्हातारा आवाज आला, "शोभेऽ, पाणी दे गं!" आक्का तिथंच, घराच्या सोप्यात बसलेली, पण तिनं मान न वळवता मोठ्यानं सांगितलं, "आत्ती, मी कॉलेजात हाय!"

मग आतून आवाज आला, "मग येताना आण."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. सरही हसले, फळ्याकडं तोंड करून, पण त्यांचे खांदे हलताना दिसले. नंतर आक्का मला म्हणाली, "नीलू, घरात सगळ्यास्नी माझ्याकडनं काय ना काय लागतंय. ह्या तासाला बसलो की मी घरात नसतो. एवढंच पायजे मला."

काळे चौकोन तिला बिलकुल चालायचे नाहीत. "मसणवटीत आल्यागत वाटतंय," म्हणायची. "नुसत्या नावाच्या पाट्या! तोंडं दावा की रं." हळूहळू एकेकानं कॅमेरे उघडले. एक तेवढा उघडत नव्हता, तो इमरान. हातकणंगल्याचा. वडिलांचं शिलाईचं दुकान, आणि वडील आजारी पडल्यापासून ते हाच बघायचा. वर्गात यायचा तेव्हाही तो इतका गप्प असायचा की वर्षाच्या शेवटापर्यंत त्याचा आवाज आम्ही ऐकलाच नसता. आक्का रोज त्याच्या मागं लागायची, "इमरान, तू हाईस का नुसतं नाव हाय?" शेवटी एक दिवस वैतागून त्यानं कॅमेरा उघडला. मागं दोरीवर ओळीनं ब्लाउज टांगलेले. लाल, पिवळे, जरीच्या काठांचे. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. इमरानचा हात कॅमेरा बंद करायला पुढं आलाच होता.

"थांब, थांब!" आक्का ओरडली. "त्यो मोरपंखी दाव. हां. मागचा गळा कुणी बेतलाय?"

"मीच, आक्का."

"ब्येस जमलाय. माझा बी एक शिव. गुरुवारी माप देतो."

पोरांचं हसणं तिथंच थांबलं, कारण मुलींच्या बाकांवरून सगळ्या माना पडद्याकडं वळल्या होत्या. दिवाळीपर्यंत आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे ब्लाउज हातकणंगल्याहून शिवून यायला लागले. इमराननं पुन्हा कधी कॅमेरा बंद केला नाही. आणि गंमत म्हणजे, तोंड दिसायला लागल्यावर त्याला प्रश्न पडायला लागले. सरांना सगळ्यांत अवघड प्रश्न तोच विचारायचा, शिलाई मशीन थांबवून.

वर्गात यायची तेव्हा आक्का पहिल्या बाकावर, लॅपटॉपला चिकटून बसायची. आणि घरी बसलेल्यांना इथली हकीकत सांगायची, तोंडावर हात धरून, पण आवाज असा की मागच्या बाकालाही ऐकू जावा. "आता सर हसले. कशाला हसले म्हाईत न्हाय." "सर फळ्यावर लिवाय लागल्यात. अक्षर मला बी लागंना झालंय." "संतोष मागं झोपलाय."

सर एकदा भडकले. "आक्का, तुम्ही शिकायला येता की कुस्तीच्या मैदानात समालोचन करायला?"

"सर, तिकडं सात माणसं तासभर तुमच्या पाठीकडं बघत बसत्यात. त्यास्नी कुणी तरी सांगाय नको?"

तिची बाजू नेहमीच बरोबर असायची असं मुळीच नाही. अभ्यासात ती आमच्यासारखीच होती, म्हणजे परीक्षा आली की गाइड शोधणारी. पहाटे उठून धारा काढलेल्या असायच्या, त्यामुळं दुपारच्या तासाला तिचा मोबाइल हळूहळू कलायचा. मग भिंतीवर तिच्या घराचे वासे दिसायचे आणि संथ घोरणं ऐकू यायचं. इमरान हाक मारायचा, "आक्का, उठा, हजेरी!" शिवाय नसत्या चौकशा फार. मला तिनं तिच्या मावसभावाच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. त्याची महती म्हणजे घरचा ट्रॅक्टर. मी दोन आठवडे तिच्याशी बोलले नाही, तर तिनं भर तासात माईकवरून विचारलं, "नीलू, ट्रॅक्टर नको आसंल तर बुलेटवाला बी हाय गं!"

आणि एक युक्ती तिनं काढली होती. सरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, की ती तोंड अर्धवट उघडं ठेवून, हात हवेत धरून, जशीच्या तशी थांबायची. रेंज गेली की चित्र थांबतं ना, अगदी तसं. आम्हाला वाटायचं, गेलं बिचारीचं नेटवर्क. सर दुसऱ्याकडं वळायचे. चांगले दोन-तीन महिने हे चाललं. मग एकदा सर प्रश्न विचारून पडद्याकडं बघत राहिले. आक्का पुतळा झालेली. पापणीही हलत नव्हती.

सर शांतपणे म्हणाले, "आक्का, तुम्ही अडकलाय. पण तुमच्या मागची म्हैस शेपटी हलवतेय."

आक्कानं हळूच मागं वळून बघितलं. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "तिला येत आसंल उत्तर. तिलाच इचारा."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सर एक दिवस वर्गात आले, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून ही सोय बंद. सगळ्यांनी रोज वर्गात यायचं. त्यांचंही खोटं नव्हतं. "समोर माणूसच नसेल तर मी समाजशास्त्र शिकवू कुणाला? यंत्राला?" असं ते कळकळीनं म्हणाले. भिंतीवर इमराननं मशीनवरचा पाय काढून घेतला.

आक्का त्या दिवशी वर्गात होती. तास संपल्यावर ती सरांच्या खोलीत गेली. मी बाहेर उभी होते, दार उघडंच होतं.

"सर, माझी सासू आंथरुणाला खिळल्या. दावणीला पाच म्हशी. मी तीन दिस हिकडं येतो तर माझी जाऊ माझं समदं काम वढती. तिची बी दोन पोरं हायत. सा दिस कशी वढंल ती?"

"आक्का, तुमची अडचण मला कळते. पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम मी नाही लावू शकत."

"मग मी सोडू म्हंता?"

सर कागद सारखे करत राहिले. आक्का बाहेर आली, माझ्याकडं बघून हसली. कॅन्टीनला गेलो, तिनं चहा मागवला आणि तो तसाच निवू दिला. दोन वर्षांत मी तिला गप्प अशी तेवढीच बघितली. शेवटी उठताना म्हणाली, "त्येंचं बी बरोबरच हाय. पर त्ये कधी ह्या बाजूला बसल्यालंच न्हाईत."

त्यानंतर आठवड्याभरानं सामंत सर गडहिंग्लजच्या एका कॉलेजात भाषणाला गेले. तीन दिवस पाऊस तुटून पडत होता. भाषण झालं आणि हिरण्यकेशी नदीला असं पाणी चढलं की पूल बुडाला, कोल्हापूरकडचा रस्ता बंद. लॉज भरलेले, गावात ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी सरांनी फोन लावला तो आक्काला. तिचा नवरा मोटारसायकल घेऊन आला आणि त्यांना घरी घेऊन गेला.

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमची चाचणी तोंडावर होती, आणि तास बुडवणं सरांच्या स्वभावातच नव्हतं. मी लॅपटॉप लावला. भिंतीवर सामंत सर आले. अंगात आक्काच्या नवऱ्याचा ढगळ पांढरा शर्ट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, कानाला मफलर. चष्म्यावर वाफ. मागं गोठ्याची खिडकी, कारण रेंज तेवढ्याच जागी मिळायची.

"ऐकू येतंय का?" सरांनी विचारलं.

इमरान आणि बाकीची घरची मंडळी अजून जोडली गेली नव्हती. वर्गातले आम्ही तीस जण "हो" म्हणालो. पण लॅपटॉपचा माईक बंद होता आणि ते माझ्या लक्षात नव्हतं. सर वाट बघत राहिले. "ऐकू येतंय का? कुणी तरी बोला ना." पुन्हा वाट. मग त्यांनी बिचकत शिकवायला सुरुवात केली. विषय होता, गर्दीत राहूनही माणूस एकटा का पडतो. मागच्या बाकावर कुणाचा तरी डबा पडला, भाजी सांडली, सगळे हसले. सरांना फक्त हसणारी तोंडं दिसली. ते थांबले. शर्टाकडं बघितलं, मफलर सारखा केला.

"काय झालं? माझं काही चुकलं का?"

कुणी तरी ओरडून सांगितलं, पण त्यांना काय ऐकू जाणार! त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. वर्गात उशिरा आलेल्या नव्या मुलासारखा.

तेवढ्यात मला माईक सापडला. "सर, डबा सांडला संतोषचा. तुमच्यावर कुणी हसलं नाही," मी म्हणाले. सरांनी असा सुस्कारा सोडला की चष्म्यावर पुन्हा वाफ आली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले, "बरं झालं."

तिथून पुढचा तास मात्र आमच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला तास झाला. सरांच्या पाठीमागं फळा नव्हता, त्यामुळं त्यांना आमच्याकडंच बघून बोलावं लागलं. आत अंथरुणावर आक्काच्या सासूबाई सगळं ऐकत होत्या. सरांनी विचारलं, "माणूस एकटा का पडतो?" तर आमच्या आधी आतून उत्तर आलं, "कुणी इचारत न्हाय म्हणून!" सर चपापले, मग म्हणाले, "आजी, बरोबर. पुढं सांगा." मग आजींनी पुढं सांगितलं, इमराननं त्यात भर घातली, मागच्या बाकावरचा संतोषही जन्मात पहिल्यांदा बोलला. तास संपताना आजींचा आवाज आला, "शोभे, बुवा ग्वाड बोलत्यात. पर टाळ-मृदंग न्हाय व्हय गं?"

आक्का त्या तासात जवळजवळ मध्ये बोललीच नाही. फक्त एकदा पडद्याच्या कडेनं तिचा हात आला आणि चहाचा कप ठेवून गेला. आणि एकदा आवाज आला, "सर, जरा डावीकडं सरका. म्हैस झाकली तुमी, इमरानला दिसंना झाल्या."

पाणी उतरल्यावर सर परत आले. वर्गात शिरल्यावर फळ्याकडं न जाता आधी लॅपटॉपपाशी गेले, तो स्वतःकडं वळवला, वाकून त्यात बघितलं आणि विचारलं, "हातकणंगले, ऐकू येतंय? गडहिंग्लज?" उत्तर आल्याशिवाय सुरुवात केली नाही. सोय बंद करायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. विभागाच्या बैठकीत सर काय बोलले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण आमची तुकडी बाहेर पडेपर्यंत भिंतीवरचे चेहरे तिथंच राहिले.

आक्का पहिल्या फेरीत सगळ्या विषयांत पास झाली असं सांगायला मला आवडलं असतं. पण संशोधन पद्धतीच्या पेपरला ती नापास झाली. निकाल बघून म्हणाली, "त्या आकड्यांस्नी माझा आवाज आवडला न्हाय." पुन्हा बसली, आणि सुटली. दुसरा वर्ग. इमरान विभागात दुसरा आला.

पदवीदानाच्या दिवशी मी तिला शेवटची बघितली. आम्ही आई-वडिलांना घेऊन आलो होतो. आक्का गावातून वडापची जीप भाड्यानं करून आली होती, आणि जीपमधून नऊ बायका उतरल्या. कुणाच्या केसांत अबोलीचे गजरे, कुणाच्या कडेवर पोर. समारंभात आक्काचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी असा गलका केला की व्यासपीठावरचे पाहुणे उठून बघायला लागले.

बाहेर मैदानावर आम्ही सगळे गाऊन घालून फोटो काढत होतो. आक्कानं स्वतःचा एक फोटो काढला, आणि गाऊन उतरवून शेजारच्या बाईच्या अंगावर घातला. मग तिच्या शेजारच्या. एकेक बाई पदर सारखा करून गाऊन घालायची, टोपी डोक्यावर ठेवायची, ताठ उभी राहायची, आणि आक्का फोटो काढायची. नऊच्या नऊ जणींची रांग लागलेली. गाऊन परत घेणारा माणूस लांबून हाका मारून दमला, शेवटी तिथंच आला.

तेव्हा गाऊन आक्काच्या जावेच्या अंगावर होता. बारकी, सावळी बाई. हाताला वैरणीचे ओरखडे. गाऊन पायात येत होता आणि टोपी कानांपर्यंत उतरली होती.

"अहो बाई," तो माणूस आक्काला म्हणाला, "हा काय खेळ चाललाय? ज्याची पदवी त्यानंच गाऊन घालायचा असतो."

"मग बरोबर हाय की," आक्का म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघताच मोबाइल डोळ्यांसमोर धरून ओरडली, "लक्ष्मेऽ, वर बघ! आगं, हस की जरा!"